पावसाळ्यात निष्पर्ण होणारा वृक्ष

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यात आणि पूर्व व दक्षिण आफ्रिकेच्या नदीकाठांवर वाढणारा फेडर्बिया आल्बिडा हा शेंगवर्गीय वृक्ष तेथील शेतकऱ्यांच्या पिढ्यानपिढ्यांच्या परिचयाचा असला, तरी वनस्पतिशास्त्रात त्याचे स्थान निश्चित होण्यास शतकाहून अधिक काळ जावा लागला. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत सहभागी झालेल्या डेलील या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ मध्ये त्याचे वर्णन ॲकेशिया आल्बिडा या नावाने केले. उपपर्णे, म्हणजे पानाच्या देठाशी येणारे दोन लहान अवयव, येथे सरळ काट्यांच्या रूपात आढळतात. पाने दोनदा विभागलेली असतात आणि फुलांत पुंकेसर असंख्य असतात. ही सर्व लक्षणे बाभळीशी जुळणारी असल्याने तिच्याच प्रजातीत, म्हणजे निकटच्या जातींच्या गटात, त्याची गणना होणे स्वाभाविक होते.

तथापि बेंथम या इंग्रज शास्त्रज्ञाने ॲकेशियाची मर्यादा आखताना पुंकेसर सुटे असणे हे प्रमुख लक्षण मानले होते, आणि या वृक्षाचे पुंकेसर तर तळाशी किंचित जुळलेले असतात. पुंकेसरांची अशी जोडणी शिरीषाच्या गटात ठळकपणे दिसते. देठावर ग्रंथी नसणे आणि नारिंगी शेंगा वळून पिळवटणे हीही वेगळेपणाची चिन्हे होती. अखेरीस शव्हालिए याने १९३४ मध्ये या एकाच जातीसाठी स्वतंत्र प्रजाती स्थापन केली आणि तिला सेनेगलचा फ्रेंच गव्हर्नर फेडेर्ब याचे नाव दिले. ज्या शेतकऱ्यांनी हा वृक्ष आपल्या शेतांत राखला, त्यांच्याऐवजी एका वसाहती अधिकाऱ्याची स्मृती त्यात जपली जावी, हे खेदजनक आहे.

वाळलेल्या नमुन्यावरून न कळणारे त्याचे खरे वैशिष्ट्य त्याच्या ऋतुक्रमात आहे. पावसाळा सुरू होताच तो पाने गाळतो आणि कोरड्या ऋतूत, खोल गेलेल्या मुळांनी भूजल शोषून घेत, पुन्हा हिरवा होतो. त्यामुळे त्याच्या खाली पेरलेल्या बाजरी व ज्वारीला ऐन वाढीच्या काळात भरपूर ऊन मिळते, गळलेल्या पानांनी जमिनीचा कस सुधारतो, आणि चारा दुर्मीळ असताना शेंगा गुरांच्या उपयोगी पडतात. शिवाय कठीण कवचाच्या बिया शेणावाटे दूरवर पसरतात. सेनेगलमधील सेरेर शेतकऱ्यांनी नांगरट करताना आपोआप उगवलेली रोपे न उपटता राखली, आणि त्यातूनच तेथील वृक्षयुक्त शेतजमिनी घडल्या.

पुढे जनुकीय अभ्यासांमुळे जुन्या विस्तृत ॲकेशियाचेच विभाजन झाले आणि महाराष्ट्रातील बाभूळही आता व्हाचेलिया या प्रजातीत गणली जाते. फेडर्बिया मात्र आजही एकाच जातीची प्रजाती म्हणून स्वतंत्र आहे.