लोकगाडीचें मूळ

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ पाहूं नये, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. व्यवहारांत ती शहाणपणाची खरी. पण इतिहासाच्या अभ्यासकास ती पाळून चालत नाहीं. मूळ शोधणें हाच त्याचा धंदा. तथापि कधीं कधीं त्याच्याहि मनांत असा प्रश्न उभा राहतो, कीं जी वस्तु पुढें कोट्यवधि लोकांच्या निरागस आनंदाचा विषय झाली, तिच्या उगमाशीं असलेला चिखल उपसण्यांत कोणाचें हित? 'फोक्सवागेन' या नांवानें जगभर गाजलेल्या, भुंगेऱ्याच्या आकाराच्या छोट्या जर्मन मोटारीचा इतिहास वाचतांना हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

'फोक्सवागेन' म्हणजे लोकांची गाडी. ही कल्पना हिटलरच्याच डोक्यांतून निघाली असा समज रूढ आहे. पण तो बरोबर नाहीं. सामान्य माणसास परवडेल अशी मोटार असावी, हा विचार मध्य युरोपांत त्यापूर्वींच बोलला जात होता. बेला बारेनी या विद्यार्थ्यानें १९२५ सालीं अशा गाडीचे आराखडे काढले होते. चेकोस्लोव्हाकियांत टाट्रा कारखान्याचा हान्स लेडविंका हा, मागें बसविलेल्या व हवेनें थंड होणाऱ्या एंजिनाचे प्रयोग करीत होता. आणि योझेफ गान्झ हा ज्यू अभियंता आपल्या नियतकालिकांतून हलक्या, स्वस्त गाडीचा हिरिरीनें पुरस्कार करीत होता. १९३१ सालीं त्यानें तयार केलेल्या नमुन्यास 'मायकेफर' असें एका भुंगेऱ्याचेंच नांव दिलें होतें. १९३३ सालीं नाझी सत्तेवर आले, आणि त्याच वर्षीं गुप्त पोलिसांनीं गान्झला अटक केली. पुढील वर्षीं त्यानें जर्मनी सोडली. १९६७ सालीं तो ऑस्ट्रेलियांत वारला.

जून १९३४ मध्यें फेर्डिनांड पोर्श याच्याकडे लोकगाडीचें काम सोंपविण्यांत आलें. एका कुटुंबास बसण्याइतकी जागा असावी, ताशीं १०० किलोमीटरांचा वेग टिकावा, आणि किंमत १,००० मार्कांच्या आंत असावी, अशी अपेक्षा होती. पुढें ९९० मार्क हा आकडा जाहीर झाला. तो हिशेबाच्या वहींतून आलेला नव्हता. राज्यकर्त्याच्या इच्छेंतून आलेला होता, आणि मोटार-कारखानदारांस तो अशक्य वाटत होता. पोर्शचें कौशल्य मात्र निःसंशय होतें. एंजिन मागें, चार सिलिंडर समोरासमोर आडवे, आणि थंड करण्यास पाण्याऐवजीं पंख्याची हवा. म्हणजे हिवाळ्यांत गोठावयास कांहीं नाहीं आणि उन्हाळ्यांत उकळावयासहि कांहीं नाहीं. गरिबाच्या घरीं मोटारीस कोठी कोठून असणार, हें ओळखूनच ती उघड्यावर राहण्याजोगी केली होती.

पण कारखान्यास पैसा कोठून आला? १९३३ च्या मे महिन्यांत नाझींनीं कामगारसंघ मोडून त्यांची मालमत्ता बळकावली होती. तिच्या विक्रींतून आलेल्या रकमेचा मोठा भाग या कारखान्यांत घातला गेला. कामगारांच्याच लुटलेल्या पैशावर कामगारांची गाडी उभी राहावयाची होती! २६ मे १९३८ रोजीं फालर्सलेबेनजवळ हिटलरच्या हस्तें कोनशिला बसली. सामान्य कुटुंबांनीं आठवड्यास किमान पांच मार्कांचें तिकीट घ्यावें व तें पुस्तिकेंत चिकटवावें, अशी योजना निघाली. या हिशेबानें ९९० मार्क भरण्यास १९८ आठवडे, म्हणजे जवळजवळ चार वर्षें लागत. आणि जमा रकमेवर व्याज मुळींच नव्हतें. तरीहि सुमारें ३,३६,००० लोकांनीं नांवें नोंदविलीं. त्यांपैकीं एकासहि त्या योजनेंतून गाडी मिळाली नाहीं.

१९३९ सालीं युद्ध सुरू झालें, आणि कारखान्यांतून लष्करी गाड्या व शस्त्रास्त्रांचे भाग बाहेर पडूं लागले. काम करणारे कोण? पोलंड, रशिया, फ्रान्स इत्यादि देशांतून धरून आणलेले लोक, युद्धकैदी आणि छळछावण्यांतील बंदी, मिळून सुमारें २०,००० माणसें. तेथील वेठीच्या कामगार स्त्रियांचीं तान्हीं मुलें आयांपासून तोडून एका बालगृहांत ठेवीत. पुढें र्‍यूएन या खेड्यांत हलविलेल्या त्या बालगृहांत तीनशेंहून अधिक अर्भकें आबाळीनें मेलीं. त्याबद्दल कारखान्याचा डॉक्टर हान्स क्योर्बेल यास ब्रिटिश न्यायालयानें दोषी ठरविलें, व १९४७ सालीं त्यास फांशी देण्यांत आलें.

युद्ध संपलें तेव्हां बॉम्बहल्ल्यांनीं मोडलेला हा कारखाना ब्रिटिशांच्या ताब्यांत आला. तेथें नेमलेल्या मेजर आयव्हन हर्स्ट यानें ती गाडी वरिष्ठांस दाखविली, आणि ब्रिटिश लष्करी राजवटीनें २०,००० गाड्यांची मागणी नोंदविली. इंग्लंडच्या मोटार-कारखानदारांस मात्र या विद्रूप गाडींत कांहीं राम दिसला नाहीं. १९४८ च्या आरंभीं हाइन्झ नोर्डहोफ हा व्यवस्थापक झाला, व १९४९ सालीं कारखाना जर्मनांच्या स्वाधीन झाला. ऑगस्ट १९५५ मध्यें दहा लाखावी गाडी बाहेर पडली. १७ फेब्रुवारी १९७२ रोजीं १,५०,०७,०३४ वी गाडी तयार होऊन फोर्डच्या 'मॉडेल टी'चा विक्रम मोडला. शेवटची गाडी ३० जुलै २००३ रोजीं मेक्सिकोंतील प्वेब्ला येथें निघाली. तोंवर एकूण संख्या २,१५,२९,४६४ झाली होती.

दिलेलें वचन असें अखेर पाळलें गेलें. पण तें ज्यानें दिलें त्यानें पाळलें नाहीं, आणि ज्यांनीं पैसे भरले त्यांच्या बाबतींत तर तें पाळलेंच गेलें नाहीं. तिकिटें चिकटविणाऱ्यांपैकीं कांहींनीं न्यायालयांत दाद मागितली. १९६१ सालीं तडजोड झाली: पूर्ण रक्कम भरलेल्यास नव्या गाडीच्या किंमतींत ६०० मार्कांपर्यंत सूट, किंवा १०० मार्क रोख. वेठीच्या कामगारांस याहूनहि अधिक थांबावें लागलें. हान्स मोम्झेन व मान्फ्रेड ग्रीगर यांचा कारखान्याविषयींचा बृहद् इतिहास १९९६ सालीं प्रसिद्ध झाला, आणि १९९८ सालीं कंपनीनें हयात असलेल्यांकरितां दोन कोटि मार्कांचा निधि काढला. तोंवर त्यांपैकीं पुष्कळांचे डोळे मिटले होते.

कोणी म्हणेल, यंत्रास पाप लागत नाहीं. तें मान्य आहे. ज्या कुटुंबानें १९६० सालीं अशी गाडी घेऊन मुलाबाळांसह प्रथमच समुद्र पाहिला, त्याच्या आनंदास बट्टा लावण्याचा अधिकार कोणास नाहीं. परंतु यंत्र निर्दोष आहे म्हणून ऋण फिटत नाहीं. गान्झचें ऋण आहे, कामगारसंघांचें आहे, तिकिटें चिकटविणाऱ्यांचें आहे, आणि र्‍यूएनच्या अर्भकांचें तर कोणालाच फेडतां येण्याजोगें नाहीं. निधि निघाला तो इतिहास लिहिला गेल्यानंतर दोन वर्षांनीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. मूळ पाहूं नये असें म्हणणाऱ्यांचें ऐकलें असतें, तर ज्यांचें देणें होतें त्यांचीं नांवेंहि कोणास ठाऊक झालीं नसतीं.