दोरीच्या आतलं पीक

पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद, कर्ण सात मीटर सात सेंटिमीटर. उभ्या पिकात चार खुंट्या ठोकून दोरी ताणली की जाणता माणूस बाजूंपेक्षा कर्णाकडे आधी बघतो. चारही बाजू बरोबर पाच मीटर भरल्या तरी चौकोन तिरका बसू शकतो, आणि तिरका बसला की आतली जमीन कमी होते. दोन्ही कर्ण ७.०७ मीटर आले तरच आत २५ चौरस मीटर जमीन आहे असं धरायचं. मग आतलं पीक कापायचं, मळायचं, पाखडायचं, तोलायचं. हेक्टरात असे ४०० चौकोन बसतात, म्हणून आलेल्या वजनाला ४०० ने गुणायचं. तराजूवर पाव किलोचा फरक पडला तर कागदावर हेक्टरी एक क्विंटलचा पडतो.

सरकारी कागदावर मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडे याला ‘फसल कटाई प्रयोग’ म्हणतात, घरी-शेतात ‘पीक कापणी’. पटवारी असतो, कोटवार असतो, शेताचा मालक असतो, विमा असेल तर कंपनीचा माणूस असतो. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ साली आली तेव्हापासून या चौकोनाचं वजन फारच वाढलं. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं धरून सरासरी काढतात, तिच्यावरून उंबरठा उत्पादन ठरतं. यंदाचं उत्पादन त्याच्या जितकं खाली, तितकी भरपाई. मध्य प्रदेशात मुख्य पिकांना हा हिशेब पटवारी हलक्यावर, म्हणजे एका पटवाऱ्याकडच्या गावांवर होतो. एका हलक्यातल्या मोजक्या चौकोनांवर साऱ्या शेतकऱ्यांचा पैसा ठरत आला. ज्याच्या शेतात दोरी कधी पडलीच नाही, त्याचाही. म्हणून ही पद्धत कुठून आली, ती कोणाच्या हातून घडली आणि तिच्यावर विश्वास का ठेवायचा, हे इथल्या माणसाला ठाऊक असायला हवं. तिच्या घडणीचा एक मोठा टप्पा तर शेजारच्या वऱ्हाडात, कापसाच्या शेतात झाला आहे.

पीक मोजण्याची गरज जुनी, कारण सारा त्यावर बसायचा. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या काळची मोजणी नोंदलेली आहे: पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे बिघा, एकशे वीस बिघ्यांचा चावर. पिकाचा आकार करून पाच वाटे पाडायचे, तीन रयतेला, दोन सरकारात. तेव्हा पांढुर्ण्याचा मुलूख देवगडच्या गोंड राजांकडे होता. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा झाल्यावर इंग्रजांकडे. राज्यं बदलली, जमीन मोजायची साधनं सुधारली, काठीच्या जागी साखळी आली. पीक मात्र नजरेनंच मोजलं जात राहिलं.

त्या नजरेला इंग्रजी अमदानीत एक आकडा मिळाला, तो आण्यांचा. सोळा आणे म्हणजे भरघोस, आठ आणे म्हणजे अर्धं. पेरा किती एकर, एकरी नेहमीचं पीक किती आणि यंदा किती आणे, या तिघांचा गुणाकार म्हणजे जिल्ह्याचं उत्पादन. यातला पेरा पटवाऱ्याच्या नोंदीतून बऱ्यापैकी खरा मिळे. बाकीचे दोन आकडे अदमासाचे. ‘नेहमीचं पीक’ किती आण्यांचं धरायचं, यावर प्रांताप्रांतांत एकमत नव्हतं. आणि ज्याच्या अदमासावर सारा अवलंबून, त्याच्या अदमासावर दोन्हीकडून ओढ असायचीच. १९१८ चा खेडा सत्याग्रह या आण्यांवरच उभा राहिला. पीक चार आण्यांच्या आत असेल तर वसुली पूर्ण तहकूब करायचा नियम होता. शेतकरी आणि गांधीजी म्हणत होते पीक चार आण्यांच्या आत आहे, सरकार म्हणत होतं वर आहे. एकाच शेताकडे बघून दोन प्रामाणिक माणसं दोन आकडे सांगू शकतात, आणि कोणाचा खरा हे ठरवायला तिसरी वाट नव्हती.

कापसाचं तसं नव्हतं. ज्वारी घरात, कणगीत, बलुत्यात, गुरांच्या तोंडात जाते. एकूण किती पिकली ते कोणालाच कळत नाही. कापूस मात्र जिनिंग-प्रेसिंगमधून गेल्याशिवाय गिरणीत पोचत नाही. १९२५ च्या कायद्यानं कारखान्यांना दाबलेल्या गाठींचा हिशेब देणं भाग पडलं. झालं असं की हंगामाच्या आधी सरकार अंदाज सांगायचं आणि हंगामानंतर गाठी मोजून तो अंदाज उघडा पडायचा. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीला हे सतत सलत होतं, कारण अंदाज चुकला की भाव चुकतात. नजरेचं पीक कुठे फसतं हे सगळ्यात आधी कापसानं दाखवलं, यात मला नवल वाटत नाही.

दोरीची कल्पना तोवर आली होती. जॉन हबॅक नावाच्या आयसीएस अधिकाऱ्यानं १९२३ ते १९२५ दरम्यान बिहार-ओरिसात भाताची कापणी ठिकठिकाणी, जागा न निवडता, छोट्या त्रिकोणांत करून पाहिली. त्याचा वृत्तांत १९२७ मध्ये पुसाच्या कृषी संशोधन संस्थेनं छापला, आणि इंग्लंडातल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रातल्या संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरनंही त्याचं मोल मानलं. त्याच १९२७ मध्ये टिपेटचं यादृच्छिक अंकांचं पुस्तक निघालं, ४१,६०० अंकांचं. ते अंक त्यानं इंग्लंडच्या जनगणना अहवालांतून उचलले होते. टिपेट मँचेस्टरला सुती धंद्याच्या संशोधन संस्थेत नोकरीला होता, म्हणजे इथेही कापूस आहेच.

कापूस आणि दोरी, या दोन धाग्यांना वऱ्हाडात गाठ बसली. आर. जे. कळमकर रोथॅमस्टेडला काम करून आलेले. गव्हात नमुने कसे घ्यावेत यावर त्यांचा निबंध १९३२ चा. व्ही. जी. पानसे इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते. कॉटन कमिटीच्या पैशांवर या दोघांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अकोला जिल्ह्यात कापसाची पाहणी केली आणि १९४४ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये तिची मांडणी केली. अकोला आणि पांढुर्णा तेव्हा एकाच प्रांतात, मध्यप्रांत-वऱ्हाडात होते, राजधानी नागपूर. १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिलं. पद्धत दोन्हीकडे पोचली.

या पद्धतीतली खरी करामत दोरीत नाही. ती जागा ठरवण्यात आहे. तहसिलीतली गावं चिठ्ठीनं यावीत तशी अंकांच्या तक्त्यातून येतात. गावातलं शेतही तसंच, खसरा क्रमांकावरून. शेतात गेल्यावर नैऋत्य कोपऱ्यावर उभं राहायचं. लांबी-रुंदी मोजायची. समजा शेत ९० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद आहे. चौकोन पाच मीटरचा, म्हणून लांबीसाठी ८५ पर्यंतचा आणि रुंदीसाठी ५५ पर्यंतचा आकडा तक्त्यातून घ्यायचा. आले ३७ आणि १२. मग धुऱ्यानं ३७ मीटर चालायचं, तिथून काटकोनात शेतात १२ मीटर शिरायचं, पाय थांबतील तिथे पहिली खुंटी. तिथे तण माजलेलं असो, पाणी साचून पीक पिवळं पडलेलं असो की शेणखताचा ढीग होता म्हणून डोक्याएवढं वाढलेलं असो, खुंटी तिथेच. दोन पावलं इकडे, दोन तिकडे चालत नाही. शेतकऱ्याला वाटतं वाईट तुकडा धरावा, विमा कंपनीच्या माणसाला वाटतं चांगला धरावा, आणि अधिकाऱ्याला वाटतं ‘सर्वसाधारण’ दिसणारा धरावा. या तिसऱ्या माणसाची चूक ओळखायला सगळ्यात कठीण, कारण त्याची नियत साफ असते. मला या पद्धतीचं सगळ्यात थोर अंग हेच वाटतं की ती तिघांच्याही हातातून निवड काढून घेते, आणि तेही सगळ्यांच्या देखत.

कापसाला याच्यापुढे आणखी एक जाच आहे. सोयाबीन एकदा कापलं की संपलं. कापसाच्या वेचण्या महिनोन् महिने चालतात. म्हणून आखलेला तुकडा पहिल्या वेचणीपासून शेवटच्या वेचणीपर्यंत खुंट्यांसकट राखावा लागतो, त्यातला कापूस दर वेळी वेगळा वेचून तोलावा लागतो. शेवटची वेचणी राहून गेली तर आधीची सगळी मेहनत उणी पडते.

जागा चिठ्ठीनं ठरली तरी एक चोर आत राहिला होता. तो पकडला डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, फर्ग्युसनचे विद्यार्थी, लंडनला संख्याशास्त्र शिकून आलेले. १९४० पासून ते दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत होते. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस तागाच्या मोठ्या पाहण्या करत होते. त्यांचा कल लहान वर्तुळाकडे. तुकडा लहान असला की कापणी झटपट होते, तेवढ्याच खर्चात जास्त जागा होतात, आणि जागा जास्त तर अंदाज पक्का. गणित चोख आहे. सुखात्मे यांनी एकाच शेतात लहान-मोठे त्रिकोण आणि वर्तुळं कापून तुलना केली. तुकडा जितका लहान, तितकं हेक्टरी उत्पादन फुगत गेलं. ‘नेचर’मध्ये १९४६ साली त्यांनी हे मांडलं.

फुगवटा कुठून आला? दोरीवरून. दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ घ्या. क्षेत्र साडेबारा चौरस फूट आणि परीघही साडेबारा फूट, म्हणजे दर चौरस फुटामागे एक फूट सीमा. ३३ फूट बाजूच्या त्रिकोणात दर चौरस फुटामागे सीमा असते एक पंचमांश फुटाच्या आसपास. सीमेवरचं प्रत्येक झाड हा एक निवाडा आहे, आत की बाहेर? आणि विळा हातात असलेला माणूस अशा झाडाला सहसा आत घेतो. लबाडी म्हणून नव्हे. कणीस डोलत समोर असतं, सोडवत नाही. सोयाबीनचं बघा. ओळी ४५ सेंटिमीटरवर असतील तर पाच मीटरच्या चौकोनात अकरा ओळी येतात. दोरीला चिकटलेली बारावी आत ओढली की उत्पादन नऊ टक्क्यांनी वाढलं. म्हणून नियम असा की बुंध्याचा निम्म्याहून जास्त भाग आत असेल तरच झाड आत. फांद्या कुठेही पसरोत.

सुखात्मे यांच्या पाहण्यांत रुळलेला तुकडा होता ३३ फूट बाय साडेसोळा फूट, एकराचा ऐंशीवा भाग. मराठी शेतकऱ्याच्या भाषेत बरोबर अर्धा गुंठा. महालनोबिस यांनी आपली बाजू सोडली नाही. त्यांचा भर स्वतंत्र, खास शिकवून तयार केलेल्या मोजणीदारांवर होता. सुखात्मे यांना महसूल आणि शेती खात्याचीच माणसं हवी होती, कारण गावोगाव तीच असतात. या वादाची खूण आजही शेतात दिसते: पश्चिम बंगालात वर्तुळ कापतात, उत्तर प्रदेशात दहा मीटर बाजूचा त्रिकोण आणि बऱ्याच राज्यांत पाच मीटरचा चौकोन. वादात मी सुखात्मे यांच्या बाजूचा आहे. जी पद्धत थकलेल्या पटवाऱ्याच्या हातूनही फारशी बिघडत नाही, ती चांगली.

सीमेवरच्या झाडाचा हा प्रश्न एकट्या शेतीचा नाही. रक्तपेशी मोजायला पॅथॉलॉजीत आखीव काचपट्टी वापरतात. तिथे रेषेवर बसलेल्या पेशीचं काय करायचं? चौकोनाच्या वरच्या आणि डाव्या रेषेवरची पेशी मोजायची, खालच्या आणि उजव्या रेषेवरची सोडायची. दोन बाजू घेतल्या, दोन सोडल्या, हिशेब सरळ. जंगलात आखलेल्या तुकड्यातही झाड आत की बाहेर हे खोडाच्या मध्यावरून ठरतं, आणि घेर मोजायची उंची भारतभर १.३७ मीटर ठरलेली. जंगलातली ही मोजणी जुनीच: डीट्रिख ब्रँडिस या वनाधिकाऱ्यानं १८५६ मध्ये ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवनांत हत्तीवरून फिरत, घेराच्या प्रत्येक वर्गासाठी वेगळा बांबूचा तुकडा हातात धरून, दर झाडामागे त्यावर चाकूनं खाच पाडत मोजदाद केली. सगळं जंगल मोजणं शक्य नव्हतं. पट्ट्यापट्ट्यानं मोजून त्यानं साऱ्याचा अंदाज बांधला. सातपुड्यातल्या सागाच्या मोजणीलाही तोच वारसा लाभला.

आता शेतात दोरीच्या जागी उपग्रह येतो आहे. पीक विम्यात २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हासाठी तंत्रज्ञानावर आधारित अंदाजाला किमान ३० टक्के वजन देणं सुरू झालं, नंतर सोयाबीनही आलं. मध्य प्रदेशानं तर हा अंदाज शंभर टक्के तंत्रज्ञानावर नेल्याचं केंद्र सरकारनं २०२५ च्या सुरुवातीला सांगितलं. सीमेपलीकडे महाराष्ट्रानं त्याच वर्षी आपली योजना बदलताना भरपाईचा पाया पीक कापणीवरच ठेवला. २०२३ मध्ये नव्यानं झालेला पांढुर्णा जिल्हा आणि त्याला लागून असलेले वरुड, नरखेड, सावनेर हे एकाच मातीचे. भाषा एक, पिकं एक. धुऱ्याच्या अलीकडे आणि पलीकडे तेच सोयाबीन दोन वेगळ्या रीतींनी मोजलं जाऊ शकतं.

उपग्रहाला मी विरोध करत नाही. तो एका नजरेत प्रत्येक शेत बघतो, थकत नाही आणि कोणाच्या दबावाखाली येत नाही. पण तो पीक तोलत नाही. तो पानांवरून परतलेला प्रकाश मोजतो, आणि त्यावरून दाणा किती हे एक सूत्र सांगतं. ते सूत्र बसवायला आणि ताडून पाहायला जमिनीवरच कापलेलं पीक लागतं. पान आणि माल यांचं नातं काही पिकांत घट्ट असतं, काहींत सैल. कापसात फारच सैल. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीनं धुमाकूळ घातला तेव्हा झाडं हिरवीगार होती, बोंडंही लागलेली होती, आणि आत सरकी पोखरलेली, कापूस कवडी झालेला. वरून बघणाऱ्याला ते शेत निरोगीच दिसणार.

दोरी पडते तेव्हा शेतकरी तिथे उभा असतो, कर्ण चुकला तर बोलू शकतो, बारावी ओळ आत घेतली तर हटकू शकतो. उपग्रहाच्या आकड्याला हटकायचं कसं, याची सोय झालेली नाही. ती करणं अवघडही नाही. आपल्या हलक्याचा आकडा ज्या कापण्यांवर ताडून पाहिला, त्या कोणत्या गावात, कोणत्या खसऱ्यात झाल्या, किती वजन भरलं आणि सूत्रानं तिथे किती सांगितलं होतं, एवढं तरी पंचायतीच्या फलकावर, हंगाम संपायच्या आत लागलं पाहिजे.