कमलाताईंचं उमेदवारीचं वर्ष

“तीन वर्षांत पदवी मिळते, तर चौथं कशाला?” माझ्या पुतणीला वारंगा फाट्यावर हे कुणीही विचारतं. शरीरक्रियाशास्त्रात संशोधनासह ऑनर्स करायचं तिच्या डोक्यात आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के असले की ती वाट मोकळी.

मी मात्र तिला कमला भागवतांची गोष्ट सांगतो. लेखिका दुर्गा भागवतांची धाकटी बहीण, पुढे कमला सोहोनी. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकानं झाल्या आणि बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटला, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेला, अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन म्हणाले, मुली घेत नाही. बाई हटल्या नाहीत. मग एक वर्ष उमेदवारीवर प्रवेश मिळाला; काम पसंत पडलं तरच ते वर्ष धरायचं. नोबेल मिळालेल्या माणसाचा कोतेपणाच हा, दुसरं काय!

तिथले मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध नि डाळींतली प्रथिनं तपासली. वर्षअखेर रामन यांनी मान्यता दिली, पुढे इतर मुलींनाही दार उघडलं. 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी.; वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे प्रथिन असतं, असं दाखवून. मुंबईत परतल्यावर कडधान्यांतला, ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवून प्रथिनांचं पचन रोखणारा घटक त्यांनी अभ्यासला. शिजवल्यावर त्याचा जोर बराच ओसरतो. म्हणून शिजवलेली डाळ, खिचडी पचायला सोपी.

पुतणीला मुगावरच काम करायचंय. मार्गदर्शक शोधायला ती सोमवारी नांदेडला निघालीय.