लघवी झाल्यावर उरते किती? नळीपासून सोनोग्राफीपर्यंत

"डॉक्टर, नळी घालावीच लागेल का?" प्रोस्टेट वाढलेल्या रुग्णांचा हा नेहमीचा प्रश्न. लघवी करून आल्यावरही मूत्राशयात बरीच लघवी शिल्लक राहत असेल तर जंतुसंसर्ग होतो, खडे होतात आणि पुढे किडनीवरही ताण येऊ शकतो. म्हणून ही शिल्लक मोजावी लागते.

पूर्वी त्याचा खात्रीचा मार्ग एकच होता: लघवी झाल्यावर कॅथेटर घालायचा आणि जेवढी बाहेर येईल तेवढी मोजायची. कॅथेटर तसा फार जुना. पॉम्पेईच्या अवशेषांत रोमन काळातल्या धातूच्या वक्र नळ्या सापडल्या आहेत. अमेरिकेत 1752 मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांनी मूतखड्याने त्रस्त असलेल्या आपल्या भावासाठी चांदीची लवचीक नळी बनवून घेतली. हे सगळे तुंबलेली लघवी काढण्यासाठी होते. मोजणी नंतर आली. एकोणिसाव्या शतकात रबराच्या नळ्या आल्या, त्रास कमी झाला. पण मूत्रमार्गाला इजा आणि जंतुसंसर्ग ही भीती राहिलीच.

1958 मध्ये ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी पोटातील गाठींच्या सोनोग्राफीवरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. 1967 मध्ये अमेरिकेतील जोसेफ होम्स यांनी मूत्राशयाच्या सोनोग्राफीवर लिहिले. आता लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा, त्याला साधारण 0.52 ने गुणायचे, की मिलिलिटरमध्ये अंदाज मिळतो. ना वेदना, ना संसर्गाची भीती.

पण हा अंदाजच असतो. मूत्राशय काही अगदी अंडाकृती नसतो. पोटात पाणी झाले असेल किंवा अंडाशयात मोठी गाठ असेल तर छोटे स्कॅनर फसू शकतात. आकडा आणि लक्षणे जुळत नसतील तर आजही कॅथेटरने खात्री करावी लागते.

चुकीचा आकडा कधीकधी आपल्यामुळेही येतो. सोनोग्राफीसाठी भरपूर पाणी पिऊन लघवी फार वेळ दाबून धरली, तर मूत्राशय ताणला जातो, नीट रिकामा होत नाही आणि शिल्लक उगाच जास्त दिसते. लघवीनंतर अर्धा तास रांगेत बसलात, तरी तेवढ्या वेळात नवी लघवी जमते. म्हणून नेहमीसारखी लघवी लागली की जा, निवांतपणे करा आणि लगेच तपासणीला या. मोजमाप कमी-जास्त वाटले तर एका रिपोर्टवर निर्णय न घेता तपासणी पुन्हा करून घ्या.