घोडागाडीच्या आसापासून रेडिओ-मोटारीपर्यंत

चार चाकांच्या जुन्या घोडागाडीचा पुढचा आस मधल्या एकाच खिळीभोवती सबंध फिरत असल्याने वळताना आतले चाक गाडीच्या पोटाखाली शिरे, म्हणून पुढची चाके लहान ठेवावी लागत आणि तीव्र वळणावर गाडी कलंडण्याचे भय असे. म्युनिकचे गाडी बांधणारे कारागीर गेऑर्ग लांकेन्स्परगर यांनी 1816 च्या सुमारास आस स्थिर ठेवून त्याच्या टोकांवरची चाके स्वतंत्रपणे वळवण्याची रचना केली. तिचे पेटंट 1818 मध्ये लंडनचे प्रकाशक रूडॉल्फ ॲकरमन यांनी त्यांचे प्रतिनिधी म्हणून घेतले, आणि ही भूमिती आजही ॲकरमनच्याच नावाने ओळखली जाते, हा मूळ कारागिरावर झालेला अन्यायच होय. वळणात आतले चाक लहान वर्तुळात व बाहेरचे मोठ्या वर्तुळात फिरते, म्हणून आतले चाक अधिक वळले पाहिजे, हा तिचा गाभा.

रेडिओ-नियंत्रित मोटारींच्या शर्यतींत या नियमाची पुन्हा कसोटी लागली. टामिया कंपनीची 1:12 प्रमाणातली पोर्शे 934 ही 1976 मध्ये आली. 1984 मध्ये असोसिएटेड कंपनीच्या आरसी 10 या बग्गीने कच्च्या मार्गावरच्या शर्यतींना नवे वळण दिले. वेगात टायर ज्या दिशेला रोखलेला असतो त्याहून किंचित वेगळ्या दिशेने सरकतो. या फरकाला स्लिप अँगल म्हणतात, आणि वळणात भार बाहेरच्या टायरवर जात असल्याने त्यालाच तो अधिक लागतो. म्हणूनच घोडागाडीच्या संथ चालीसाठी आखलेला आतल्या-बाहेरच्या चाकांमधला फरक शर्यतीत अनेकदा कमी करावा लागतो.

मोठ्या मोटारीत हा निर्णय बहुधा कारखान्यातच होऊन जातो. शर्यतीच्या छोट्या गाडीत मात्र तो चालवणाऱ्याच्या हाती राहतो. सुकाणूच्या दांड्या जोडण्यासाठी तिथे शेजारी-शेजारी दोन-तीन भोके असतात, आणि दांडी एका भोकातून दुसऱ्यात नेली की ॲकरमनचे प्रमाण बदलते. या दांडीच्या एका टोकाला उजवे आटे व दुसऱ्याला डावे आटे पाडलेले असतात, त्यामुळे ती न काढता नुसत्या पान्याने फिरवली तरी लांब वा आखूड होते. चाकांची पुढची बाजू आत वळलेली असणे म्हणजे टो-इन आणि बाहेर वळलेली असणे म्हणजे टो-आउट. अर्धा फेरा दिला तरी हा कोन बदलतो, आणि वळणात शिरताना गाडीचे नाक किती चटकन आत येते हे त्यावर बरेचसे ठरते.