नावाचा पूर्वेतिहास
जमिनीचा सातबारा आजचा धारक दाखवितो. पूर्वीचे धारक फेरफारांतून शोधावे लागतात. संकेतस्थळाच्या नावाचेही तसेच आहे. ‘सिम्बॉलिक्स डॉट कॉम’ हे सर्वप्रथम नोंदले गेलेले डॉट कॉम नाव. अमेरिकेतील सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीने ते १५ मार्च १९८५ रोजी घेतले. २००९ मध्ये ते दुसऱ्याच्या हाती गेले. नोंदणीत मूळ तारीख १९८५ चीच राहिली. मधले हस्तांतर तीत दिसत नाही. ते जुन्या नोंदींच्या जतन केलेल्या प्रतींतून आणि १९९६ पासून पृष्ठे साठविणाऱ्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’मधून जुळवावे लागते. २०१८ मध्ये युरोपचा गोपनीयता कायदा लागू झाल्यापासून धारकांची नावेही बहुधा झाकलेली असतात. नावाबरोबर त्याची जुनी पत वा बदनामीही खरेदीदाराकडे येते. म्हणून व्यवहारापूर्वी हा शोध अवश्य घ्यावा.