बासीमचे मिशन, कलम ३७७ आणि एका वाक्याची ५२ वर्षे

आजचे वाशिम, म्हणजे इंग्रजी अमदानीतील बासीम, हे प्राचीन काळी वत्सगुल्म या नावाने ओळखले जाई. वाकाटक घराण्याची एक शाखा येथून राज्य करीत होती आणि तिच्यातील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्ये याच गावात उजेडात आला. वात्स्यायनाच्या कामसूत्रात वत्सगुल्माच्या राजवाड्यातील रिवाजाचा उल्लेख येतो. याच ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात ‘तृतीया प्रकृती’, म्हणजे रूढ अर्थाने स्त्री वा पुरुष न मानली जाणारी व्यक्ती, आणि तिचे पुरुषांशी येणारे संबंध यांचे सविस्तर वर्णन आहे. तेथे काही आचार्यांची नापसंती नोंदवलेली आहे, पण राजदंडाचा धाक नाही. धर्मशास्त्रानेही हे आचरण निर्दोष मानले नव्हते. मात्र पुरुषाशी संबंध ठेवणाऱ्या द्विजाला मनुस्मृती सचैल स्नान, म्हणजे अंगावरील वस्त्रांसह स्नान, सांगते आणि अशा प्रकारांसाठी कौटिल्याचे अर्थशास्त्र दंडाची रक्कम ठरवून देते. अर्थात ग्रंथातील नियम आणि लोकांचा व्यवहार या दोन वेगळ्या गोष्टी असल्यामुळे या पुराव्यावरून एखादे सुवर्णयुग उभे करणे योग्य ठरणार नाही.

या प्रदेशात अशा संबंधांना फौजदारी गुन्ह्याचे जे रूप आले, त्याचे मूळ युरोपच्या ख्रिस्ती विचारात आहे. लैंगिक क्रियेचा निसर्गदत्त हेतू संतती हा असून त्या हेतूला डावलणारी प्रत्येक क्रिया ‘निसर्गाविरुद्ध’ पाप होय, अशी मांडणी तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मशास्त्रज्ञाने पक्की केली. इंग्लंडमध्ये या पापाचा न्याय आधी चर्चच्या न्यायालयांत होई. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत १५३३ च्या कायद्याने तो राजाच्या न्यायालयांकडे आला आणि त्याला देहदंडाची शिक्षा जोडली गेली. भारतासाठी दंडसंहितेचा मसुदा करताना १८३७ मध्ये मेकॉलेने या विषयावरील कलमे घातली, पण त्यांवर चर्चा होणे इष्ट नाही म्हणून त्यांचे स्पष्टीकरण मुद्दामच टाळले. १८६० मध्ये संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेल्या भारतीय दंडसंहितेत हाच विषय कलम ३७७ म्हणून आला. त्यातील शिक्षा जन्मठेपेची किंवा दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची होती. ज्या काळात हा कायदा झाला, त्या काळी इंग्लंडच्या कायद्यातून देहदंड अजून गेलेला नव्हता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

वाशिम ज्यात मोडते त्या वऱ्हाडाच्या बाबतीत यात एक घटनात्मक गुंतागुंत आहे. हा मुलूख १८५३ च्या तहाने कारभारापुरता इंग्रजांकडे आला, पण नावाने तो निजामाचाच राहिला, आणि त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे येथे स्वतंत्र आदेशांनी लागू करावे लागत. म्हणजे ख्रिस्ती नीतिकल्पनेतून निघालेला हा नियम एका मुसलमान राजाच्या नाममात्र सत्तेखालील, बहुसंख्य हिंदू मुलखात सरकारी हुकुमाने शिरला. धर्मोपदेशकाचा त्यात हात नव्हता.

धर्मोपदेशक आले ते नंतर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चने बासीम येथे आपले केंद्र चालवले, आणि १८९९–१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळून निघाले तेव्हा अनाथ मुलांचा सांभाळ हे अशा मिशनांचे मुख्य काम झाले. ज्या जॉन वेस्ली या अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशकापासून मेथडिस्ट पंथ निघाला, त्याने ऑक्सफर्डमध्ये १७३२ च्या सुमारास पुरुषसंबंधाच्या आरोपावरून तुरुंगात असलेल्या ब्लेअर नावाच्या माणसाला मदत केली होती आणि त्यासाठी टीकाही सोसली होती. यावरून वेस्लीला अशा संबंधांचा समर्थक ठरवता येत नाही. कैद्याची विचारपूस हा त्याच्या मंडळाचा नेमच होता. तरीही पंथाच्या पुढील इतिहासात ही घटना कोणाला फारशी आठवली नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

अमेरिकेतील मातृसंस्था १९६८ मध्ये युनायटेड मेथडिस्ट चर्च झाली. ‘शिस्तग्रंथ’ म्हणजे या चर्चचे नियम आणि सामाजिक भूमिका एकत्र सांगणारे पुस्तक. १९७२ च्या सर्वसाधारण परिषदेत त्यात समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत असल्याचे वाक्य घालण्यात आले. त्या वेळी भारतातील मेथडिस्ट मंडळ्या याच चर्चचा भाग होत्या. मग १९८१ मध्ये मेथडिस्ट चर्च इन इंडिया ही स्वायत्त संस्था झाली, आणि अमेरिकेतील चर्च त्या वाक्यावरून पुढील चार दशके भांडत राहिले, इतके की तेथील हजारो मंडळ्या फुटून निघाल्या. मे २०२४ मध्ये शार्लट येथील परिषदेने ते वाक्य काढून टाकले. भारतीय चर्चने मात्र या बदलामागून जाण्याचा प्रश्नच उरला नव्हता, कारण १९८१ पासून त्याचे नियम त्याचेच होते. वाशिमपर्यंत श्रद्धा अमेरिकेतून आली. त्या श्रद्धेने पुढे स्वतःच्या घरी केलेला फेरविचार आपोआप पोहोचण्याची वाट तोवर बंद झाली होती.

भारतातील ख्रिस्ती समाज या प्रश्नावर एकमुखी नव्हता. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या खासगी संबंधांपुरते दूर केले, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत उत्कल ख्रिश्चन कौन्सिल आणि अपोस्टॉलिक चर्चेस अलायन्स या संस्था होत्या. ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल फिरला. त्याच वेळी मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी विवाहाला विरोध कायम ठेवून, अशा व्यक्तींना गुन्हेगार मानणे चर्चला मान्य नसल्याचे सांगितले. पाप आणि गुन्हा यांची जी सांगड १५३३ मध्ये घातली गेली होती, ती येथे एका कॅथॉलिक धर्मगुरूने उकलली. वाशिमपासून फार दूर नसलेल्या नागपुरात मुख्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया या प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चेसच्या परिषदेने एचआयव्हीविषयक कामाच्या ओघात लैंगिकता आणि लिंगवैविध्य हे विषय चर्चेला घेतले. रोगाच्या निमित्ताने सुरू झालेले बोलणे माणसांच्या ओळखीपर्यंत गेले, हा क्रम भारतातील समलिंगी हक्कांच्या चळवळीच्या एकूण वाटचालीशी जुळतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ ची जागा घेणारे कलमच नाही. विवाहाचा प्रश्न मात्र निराळा आहे. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे, समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला, आणि त्यामुळे एखाद्या पाळकाची तयारी असली तरी वेदीसमोर लागलेल्या अशा लग्नाची कायदेशीर नोंद आज वाशिममध्ये होऊ शकत नाही.